मराठी संकेतस्थळाचा मजकूर वाचायला सोपा कसा करावा

मराठीत संकेतस्थळ काढणारा माणूस बहुधा तयार थीम, म्हणजे मांडणीचा आयता साचा, घेतो, तिच्यात मराठी मजकूर ओततो, चार लेख चढवतो आणि मग म्हणतो, ‘काहीतरी खटकतंय, फॉन्ट बदलून बघू.’ फॉन्ट बदलून होतो, खटकायचं ते खटकतंच. कारण दुखणं फॉन्टात क्वचितच असतं. अक्षराचा आकार, दोन ओळींमधलं अंतर, शीर्षकाची दाटी हे त्या थीममधले आकडे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेले असतात. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभं राहतं. आपलं अक्षर शिरोरेषेला लटकतं; डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, पायाशी उकार आणि जोडाक्षराचा दुसरा मजला. एवढा संसार रोमनसाठी आखलेल्या ओळीत कोंबला की डोळे दमतात, आणि वाचक तिसऱ्या परिच्छेदाला निघून जातो.

म्हणून खालचा क्रम मुद्दाम उलटा आहे: फॉन्ट पाचव्या पायरीवर येतो. डोळ्यांसमोर एखाद्या दिवाळी अंकातला तीन-चार हजार शब्दांचा लेख ठेवा. बातमीचे चार परिच्छेद कसेही मांडले तरी लोक वाचून टाकतात; लांब लेख मात्र चुकीच्या मांडणीला माफ करत नाही.

१. आधी ब्राउझरला भाषा सांगा

पानाच्या एचटीएमएलमध्ये सर्वांत वरच्या टॅगला ‘लँग’ नावाचा गुणधर्म असतो. मराठीसाठी त्याची किंमत ‘एमआर’, रोमन लहान लिपीतली दोन अक्षरं. पुष्कळ मराठी संकेतस्थळांवर तिथे अजून अमेरिकन इंग्रजी लिहिलेलं सापडतं, कारण थीम तशीच आली आणि कोणी बघितलं नाही. वर्डप्रेसमध्ये सेटिंगमधली साइटची भाषा मराठी केली की चांगल्या थीममध्ये हे आपोआप होतं. स्वतः पान लिहीत असाल तर हाताने घालायचं. गोव्यातल्या संस्थेच्या संकेतस्थळावर कोंकणी मजकूरही असेल, तर त्या भागापुरती वेगळी किंमत, ‘केओके’, द्यायची.

याचा मजकूर दिसण्याशी संबंध काय? बराच. दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर याच खुणेवरून मराठी आवाज निवडतं. शिवाय काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची दोन-दोन रूपं असतात. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण मानले आहेत. हिंदीत दंडयुक्त ल आणि गाठयुक्त श चालतात. फॉन्टात दोन्ही रूपं असतील आणि पानावर मराठीची खूण असेल, तर ब्राउझर मराठी रूप उचलतो. खूण नसेल तर त्या फॉन्टाचं मूळ रूप येतं, आणि ते बहुतेकदा हिंदीचं असतं. एका शब्दाच्या दुरुस्तीत एवढं पदरात पडत असेल, तर ती सगळ्यात आधी करावी.

२. अक्षर मोठं करा

ब्राउझरचा मूळ आकार १६ पिक्सेल असतो आणि रोमनला तो पुरतो. देवनागरीत त्याच १६ पिक्सेलमध्ये वरच्या-खालच्या चिन्हांची सोय करावी लागते, त्यामुळे मूळ अक्षराच्या वाट्याला कमी उंची येते आणि ते बारीक दिसतं. लेखाच्या मजकुरासाठी मोबाइलवर १८ आणि मोठ्या पडद्यावर १९ ते २० पिक्सेल ही सुरुवात धरा. फॉन्टाप्रमाणे यात एखाद्या पिक्सेलचा फरक पडेल, कारण एकाच आकड्याला काही फॉन्ट मोठे दिसतात, काही लहान.

हा आकार पिक्सेलमध्ये न लिहिता ‘रेम’ या, ब्राउझरच्या मूळ आकाराच्या पटीत मोजणाऱ्या एककात लिहा. १८ पिक्सेल म्हणजे १.१२५ रेम. ज्या वाचकाने आपल्या ब्राउझरमध्ये अक्षर मोठं करून ठेवलं आहे, त्याची निवड त्यामुळे पाळली जाते. आणि दोन बोटांनी पान मोठं करण्याची सोय बंद करणारी ओळ थीममध्ये असेल तर ती काढून टाका. मराठी लांब लेखांच्या वाचकांत पन्नाशी ओलांडलेलेही असतात. त्यांच्या हातून चष्मा आणि झूम दोन्ही काढून घेऊ नका.

तारीख, लेखकाचं नाव, छायाचित्राखालची ओळ अशा दुय्यम मजकुराला थीमवाले १२ पिक्सेल देतात. मराठीत त्या आकाराला ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ यांत फरक कळत नाही, अनुस्वार तर ठिपका आहे की धूळ हा प्रश्न पडतो. १५ च्या खाली जाऊ नका.

३. ओळींमधली जागा

एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा.

‘लाइन-हाइट’ म्हणजे एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंतचं अंतर, अक्षराच्या आकाराच्या पटीत. रोमन थीममध्ये ते १.४ किंवा १.५ असतं. आता ‘कर्तृत्व’ या शब्दाखालच्या ओळीत नेमका ‘मूर्तींमध्ये’ हा शब्द आला असं समजा. वरच्या ओळीतला ऋकार खाली उतरतो. खालच्या ओळीतली वेलांटी, रफार आणि अनुस्वार वर चढतात. १.४ मध्ये ते एकमेकांच्या अंगावर येतात, आणि कुठलं चिन्ह कुठल्या ओळीचं हे डोळ्यांना क्षणभर थांबून ठरवावं लागतं. चार हजार शब्दांत असे क्षण शेकड्याने येतात. खिळेछपाईच्या काळात ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालून जागा सोडत, ती याच कारणासाठी. पट्टी गेली, गरज राहिली.

मजकुरासाठी १.७ ठेवा. ओळ लांब असेल तर १.७५ किंवा १.८, मोबाइलवरच्या आखूड ओळीला १.६५ सुद्धा चालतं. दोनच्या पुढे गेलात तर ओळी सुट्या पडतात आणि परिच्छेद एकसंध वाटत नाही. हा आकडा एककाशिवाय, नुसता लिहायचा. पिक्सेल लावलेत तर अक्षर मोठं केल्यावर अंतर तेवढंच राहतं आणि सगळं पुन्हा दाटतं.

शीर्षकांचं दुखणं वेगळं आहे. थीममध्ये शीर्षकाला १.१ किंवा १.२ दिलेलं असतं, कारण मोठं रोमन अक्षर दाटीत छान दिसतं. ‘विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तींचा प्रश्न ऐरणीवर’ हे शीर्षक मोबाइलवर तीन ओळींत मोडलं की त्या दाटीत ऋकार खालच्या ओळीच्या वेलांटीत शिरतो. शीर्षकाला १.३५ ते १.४ द्या.

त्याहून वाईट म्हणजे चिन्हं कापली जाणं. थीममधल्या बटणांची, मेनूची, यादीतल्या चौकटींची उंची बरेचदा पक्की ठरवलेली असते आणि बाहेर आलेला भाग लपवण्याची आज्ञा असते. मग ‘संपर्क’ मधला रफार किंवा ‘शोधून पाहू’ मधला ऊकार अर्धा गायब होतो. अशा ठिकाणी उंची काढून टाका आणि आतल्या बाजूने वर-खाली मोकळी जागा द्या. चौकट मजकुराप्रमाणे वाढेल. शोधपेटी न चुकता तपासा, कारण तिच्यात टंकून बघितल्याशिवाय दोष दिसत नाही.

परिच्छेदांमध्ये अक्षराच्या आकाराएवढी, म्हणजे एक ‘ईएम’, जागा पुरते. छापील पुस्तकासारखं पहिल्या ओळीला आत सरकवणं आणि वर जागाही सोडणं, ही दोन्ही एकदम नकोत.

४. ओळीची लांबी आणि उजवी कड

मोठ्या पडद्यावर मजकूर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला की ओळ संपवून पुढच्या ओळीची सुरुवात शोधताना नजर चुकते. इंग्रजीसाठी ४५ ते ७५ अक्षरांची ओळ चांगली मानतात. मराठीत अक्षरं मोजण्यात अर्थ नाही, कारण ‘स्त्री’ हे एक अक्षर की चार, हे मोजणाऱ्यावर अवलंबून. शब्द मोजा: एका ओळीत दहा ते तेरा. त्यासाठी मजकुराच्या चौकटीची कमाल रुंदी ३० ते ३४ ईएम ठेवली की काम होतं. ‘सीएच’ या एककात रुंदी देण्याची शिफारस इंग्रजी लेखांत सापडेल, पण ते एकक फॉन्टातल्या इंग्रजी शून्याच्या रुंदीवर चालतं. देवनागरीच्या लांबीचा त्यातून अंदाज येत नाही.

दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह छापील वर्तमानपत्रावरून येतो. वर्तमानपत्रात जागा जुळवायला माणूस असतो, शब्द तोडता येतो. मराठी शब्दाला विभक्ती, शब्दयोगी अव्यय सगळं चिकटून येतं: ‘महानगरपालिकेच्या’, ‘कार्यकर्त्यांसाठीसुद्धा’. मोबाइलच्या आखूड ओळीत असा शब्द मावला नाही की तो अख्खा खाली जातो, आणि वर उरलेल्या तीन शब्दांमध्ये भगदाडं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी, हेच बरं.

५. आता फॉन्ट

काहीच केलं नाही तरी वाचकाच्या यंत्रावर एक देवनागरी फॉन्ट असतोच: अँड्रॉइडवर बहुतेक करून नोटो, ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूर, विंडोजवर आठव्या आवृत्तीपासून निर्मला आणि त्याआधी र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल. यंत्रातला फॉन्ट वापरला तर काही उतरवावं लागत नाही, पान चटकन उघडतं. साधी माहिती देणाऱ्या, गावोगावच्या कमजोर नेटवर्कवर उघडल्या जाणाऱ्या संकेतस्थळाला तेवढं पुरेसं आहे असं माझं मत. सुंदर फॉन्टाची वाट बघत पांढरं पान दाखवण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

स्वतःचा फॉन्ट द्यायचाच असेल तर मोफत परवान्याचे चांगले पर्याय आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या गटाने केलेला मुक्ता सात वजनांत, म्हणजे रेषेच्या सात जाड्यांत, मिळतो, अक्षर मोकळं आहे आणि त्यातली रोमन अक्षरं देवनागरीशी जुळतात. बातम्या, माहिती, अर्ज अशा कामाला तो पहिला. नोटो सान्स देवनागरी दिसायला साधा पण जोडाक्षरांत भरवशाचा. साहित्य, समीक्षा, दिवाळी अंक यांसाठी तिरो देवनागरी मराठी बघा: जाड-बारीक रेषांचा, छापील पुस्तकाच्या वळणाचा, आणि ल-श मुळातच मराठी रूपातले. त्याला मोठा आकार लागतो. १७ पिक्सेलला त्याच्या बारीक रेषा स्वस्त पडद्यावर विरतात. शासनाच्या राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हेही आहेत. बलूसारखे जाडजूड, गुबगुबीत फॉन्ट शीर्षकाला किंवा मुलांच्या पानाला शोभतात. सलग मजकुराला नाही.

वजनं दोनच घ्या: मजकुराला ४००, ठळक भागाला ६००. ७०० किंवा ८०० मध्ये ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ यांच्या पोटातली पांढरी जागा बुजते आणि अक्षराचा ठिपका होतो. ३०० चं बारीक वजन डिझाइनरच्या महागड्या पडद्यावर नाजूक दिसतं, दुपारच्या उन्हात बसथांब्यावर दिसत नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात. देवनागरी फॉन्टात जोडाक्षरांची शेकडो रूपं असल्याने फाइल रोमनपेक्षा बरीच मोठी असते. ती वॉफ-२ स्वरूपात द्या, आणि ‘फॉन्ट-डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ लावा म्हणजे फॉन्ट येईपर्यंत यंत्रातल्या फॉन्टात मजकूर दिसत राहील. फाइल लहान करण्यासाठी नको ती चिन्हं काढत असाल तर झिरो विड्थ जॉइनर आणि नॉन-जॉइनर ही न दिसणारी चिन्हं आणि ₹ शाबूत ठेवा. जॉइनर गेले की काही जोडाक्षरं विचित्र तुटतात. सीएसएसमधल्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या सूचनांमधल्या, फॉन्टांच्या यादीत देवनागरी फॉन्ट पहिला लिहा. रोमन फॉन्ट पहिला असेल तर पूर्णविराम, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं त्यातून येतात आणि शेजारच्या मराठी अक्षरांपुढे किरकोळ दिसतात.

६. थीममधून हुडकून काढायच्या गोष्टी

लेटर-स्पेसिंग. रोमन शीर्षकांत अक्षरं सुटी करण्याची फॅशन आहे. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुकड्या-तुकड्यांनी तुटते. मराठी मजकुराला सगळीकडे शून्य करा, मेनू आणि बटणांसकट. उणे लेटर-स्पेसिंगही तितकंच वाईट. काना पुढच्या अक्षरात घुसतो.

तिरकी अक्षरं. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांत खरं तिरपं रूप नसतं, ब्राउझर सरळ अक्षरच कलतं करतो. जोर द्यायचा असेल तिथे ठळक करा, पुस्तकांची नावं एकेरी अवतरणात घाला. ‘फॉन्ट-सिंथेसिस’ बंद केलं की ब्राउझर असलं बनावट रूप तयार करणंही थांबवतो.

दुव्याखालची रेघ. मूळ जागी ती उकारांतून आरपार जाते. ‘अंडरलाइन-ऑफसेट’ पाव ईएम ठेवा म्हणजे रेघ खाली सरकेल आणि उकार वाचता येईल.

परिच्छेदाचं मोठं पहिलं अक्षर. ‘स्त्री’ने परिच्छेद सुरू झाला तर काही ब्राउझर नुसता ‘स्’ मोठा करतात. देवनागरीचं जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणाऱ्या प्रमाणाच्या, १५.१ या २०२३ मधल्या आवृत्तीत आला. सगळ्या सॉफ्टवेअरांत तो पोहोचला आहे असं धरून चालू नका. ही सजावट सोडून दिलेली बरी.

याच जातीतला, पण जास्त दिसणारा दोष मुखपृष्ठावरच्या सारांशांत असतो. थीम लेखाची पहिली शंभर-दीडशे अक्षरं कापून पुढे तीन टिंबं लावते. ‘राष्ट्र’ हा शब्द संगणकाच्या लेखी सात संकेतांचा: र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. चौथ्यावर कात्री चालली की ‘राष्…’ उरतं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे हे संकेत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, या प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे शब्द २१ बाइटचा. आणि कापणारा कोड बाइट मोजत असेल तर शेवटी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन येतो. उपाय सोपा आहे: सारांश शब्द मोजून कापायला सांगा, किंवा प्रत्येक लेखाचा सारांश हातानं लिहा. दुसरं जास्त चांगलं.

७. मजकुराची साफसफाई

मांडणी कितीही नीट केली तरी आत चुकीची चिन्हं असतील तर ती उघडी पडतात. तीन-चार नेहमीच्या:

विसर्गाच्या जागी अपूर्णविराम. ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘अंतःकरण’ यांत कीबोर्डवरचा अपूर्णविराम टंकला जातो. दिसायला जवळपास सारखं, पण अंतर वेगळं पडतं, शब्द ओळीच्या शेवटी भलत्या ठिकाणी तुटू शकतो आणि वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर अडखळतं. शोधा-बदला वापरून एकदाच साफ करा. अर्थात ‘उदाहरणार्थ:’ सारखे खरे अपूर्णविराम सोडून.

‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कऱ्हाड’ मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकला जातो: ऱ (यू+०९३१) आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखे; शोधताना मात्र एक दुसऱ्याला सापडेलच असं नाही. पहिली पद्धत ठरवून टाका. ॲचंही तसंच. त्याचा स्वतंत्र संकेत, यू+०९७२, युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याआधीची सवय म्हणून लोक अ वर वेगळा चंद्र चढवतात.

‘डॉ.’ ओळीच्या शेवटी आणि आडनाव खालच्या ओळीत, ‘₹५’ वर आणि ‘लाख’ खाली, असं होऊ नये म्हणून मध्ये न तुटणारी जागा घाला. अंक देवनागरी की इंग्रजी, हे संस्थेने एकदा ठरवावं. एकाच तक्त्यात दोन्ही नकोत. अर्जातल्या फोनच्या रकान्यात वाचक कुठलेही अंक टंकेल, ते दोन्ही स्वीकारा.

जुना मजकूर श्रीलिपी, शिवाजी किंवा आयएसएमच्या काळातल्या फॉन्टांत असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. परिवर्तक मिळतात, पण त्यानंतर मुद्रितशोधन माणसानेच करायचं. रफार आणि पहिली वेलांटी हमखास घोटाळा करतात.

८. रंग

फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर ठेवू नका. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या मजकुरासाठी ३ : १ एवढा रंगभेद सांगितला आहे, तो मोजणारी मोफत साधनं ब्राउझरमध्येच असतात. मराठीत अनुस्वारासारखा एक ठिपका अर्थ बदलतो, म्हणून किमान आकड्यावर समाधान मानू नका, ७ : १ च्या पुढे जा. गडद पार्श्वभूमीवर शुभ्र पांढऱ्याऐवजी किंचित मळका पांढरा घ्या.

९. तपासणी

खालचं वाक्य अर्थासाठी नाही, अडचणीची अक्षरं एकत्र यावीत म्हणून जुळवलेलं आहे. ते लेखात, शीर्षकात, बटणात आणि शोधपेटीत चिकटवून बघा:

‘कऱ्हाडच्या आचार्यांनी आचाऱ्यांना सकाळी लक्षपूर्वक सांगितलं: ॲल्युमिनियमच्या पातेल्यात शुद्ध लोणी कढवा, राष्ट्रकूटांच्या मूर्तींवर विश्वास ठेवा, दुःख विसरा, वाङ्मय वाचा, ₹१,२५० मोजा आणि ऑर्केस्ट्रावर ओव्या म्हणा.’

बघायचं काय? ‘आचार्यांनी’वर रफार आणि ‘आचाऱ्यांना’त अर्धा र वेगळे दिसतात का. ‘मूर्तींवर’ची वेलांटी, रफार, अनुस्वार एकमेकांत मिसळले की सुटे राहिले. ‘राष्ट्र’ आणि ‘शुद्ध’ खाली कापले गेले का. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का. ॲच्या जागी चौकोन तर नाही ना. मग ‘विसर्ग’ म्हणून टंकलेलं चिन्ह खरंच विसर्ग आहे हे ब्राउझरच्या शोधातून पडताळा.

हे सगळं लॅपटॉपवर बघून थांबू नका. एखादा स्वस्त अँड्रॉइड फोन मिळवा, त्याच्या सेटिंगमध्ये अक्षराचा आकार सगळ्यात मोठा करा आणि उन्हात जाऊन पूर्ण लेख वाचा. मेनूतले शब्द एकमेकांवर चढतात ते तिथे कळतं.

शेवटी, केलेले बदल थीमच्या मूळ फाइलीत ठेवू नका. वर्डप्रेसमध्ये असाल तर चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर चढवलेल्या आपल्या वेगळ्या थीममध्ये, किंवा जादा सीएसएसच्या रकान्यात लिहा. नाहीतर थीमचं पुढचं अपडेट येईल, लाइन-हाइट गुपचूप १.४ वर परत जाईल, आणि ‘फॉन्ट बदलून बघू’पासून पुन्हा सुरुवात होईल.